शहराच्या पाणीपुरवठ्याचे डिजिटल ट्विन उभारताना

पश्चिम महाराष्ट्रातील एका मध्यम आकाराच्या महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात मी उपअभियंता म्हणून काम करतो. गेली काही वर्षे शहराच्या वितरण व्यवस्थेचे डिजिटल ट्विन, म्हणजे संगणकातली तिची हुबेहूब आणि सतत अद्ययावत राहणारी प्रतिकृती, तयार करण्याचे काम माझ्याकडे आहे. 'आहे' असेच म्हणावे लागते, कारण रस्ता किंवा जलकुंभ बांधून झाला की जसा काम पूर्ण झाल्याचा दाखला देता येतो, तसा तो या कामाला देता येत नाही. जमिनीखालच्या वाहिन्यांचा अचूक नकाशा, त्या वाहिन्यांतून पाणी कसे वाहील याचे गणित करणारे जलदाब मॉडेल आणि प्रत्यक्ष वाहिन्यांवर बसवलेल्या मापकांची सतत येणारी माहिती या तिन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या आणि जोडलेल्या ठेवल्या, तरच त्या व्यवस्थेला हे नाव शोभते. यांतले एक जरी अंग शिथिल पडले, तरी हाती उरते ते केवळ एक देखणे चित्र.

तसे चित्र आम्हाला अगदी सुरुवातीलाच दाखवण्यात आले होते. निविदेपूर्वीच्या सादरीकरणात एका सल्लागार कंपनीने शहराचा त्रिमितीय देखावा पडद्यावर फिरवून दाखवला, त्यात निळ्या वाहिन्या होत्या, उंच टाक्या होत्या आणि दाब कमी झालेला भाग लाल होत होता. आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी एवढेच विचारले, "यातल्या वाहिन्यांची खोली आणि व्यास कुठून घेतलात?" उत्तर आले की सध्या ते गृहीत धरले आहेत. त्यावर आम्ही निविदेचा मसुदा बदलून घेतला. देखाव्यासाठी राखलेली रक्कम कमी केली आणि सर्वेक्षण, मापक व मॉडेलची प्रत्यक्ष मोजमापांशी जुळवणी यांची वाढवली. या निर्णयाचे श्रेय माझे नाही, पण तो झाला नसता तर पुढचे काहीच घडले नसते, असे माझे ठाम मत आहे.

सर्वेक्षणात सर्वाधिक वेळ गेला. विभागाच्या कपाटात नकाशांचे जुने अमोनिया प्रिंट होते, काही भागांचे ट्रेसिंग होते आणि बऱ्याच योजनांची फक्त अंदाजपत्रके होती. अंदाजपत्रकातली वाहिनी आणि जमिनीत टाकलेली वाहिनी एकच असते, असे मानणाऱ्या माणसाने पाणीपुरवठ्यात नोकरी केलेली नसावी. वाटेत खडक लागला म्हणून वाहिनी रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेलेली असते, पाइप वेळेवर मिळाला नाही म्हणून मधल्या टप्प्यात कमी व्यासाचा तुकडा बसलेला असतो, आणि जोड दिल्यावर जुनी वाहिनी 'बंद केली' असे लिहूनही ती प्रत्यक्षात चालू राहिलेली असते. बिडाच्या आणि डीआय, म्हणजे तन्य लोखंडाच्या, वाहिन्या शोधक यंत्राने सापडतात, परंतु पीव्हीसी, एचडीपीई या प्लॅस्टिकच्या आणि जुन्या एसी, म्हणजे ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या, पाइपचा माग त्या यंत्राला लागत नाही. तिथे चाचणी खड्डे घेतले. खड्डे घेण्याआधी वाहतूक शाखेची, रस्ते विभागाची आणि वीज कंपनीची परवानगी लागते, आणि या परवानग्यांच्या फायली सर्वेक्षणापेक्षा जास्त दिवस चालल्या.

उंचीचा प्रश्न मात्र मला स्वतःला सर्वांत नाजूक वाटत होता. पाण्याचा दाब आम्ही मीटरमध्ये मोजतो, म्हणजे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब हा ढोबळमानाने दहा मीटर पाण्याच्या स्तंभाइतका. त्यामुळे जमिनीची पातळी एक मीटरने चुकली, तर मॉडेलमधला दाबही एक मीटरने चुकतो. अंतराळयानातील रडारने मोजलेल्या आणि मोफत उपलब्ध असणाऱ्या एसआरटीएमच्या उंच्यांत काही मीटरचा फरक सहज असू शकतो. डोंगरातल्या धरणाच्या प्राथमिक आराखड्यासाठी तो चालून जाईल, पण दोन मजली घराच्या नळाला पाणी पोहोचते की नाही, हे ठरवण्यासाठी तो चालत नाही. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीच्या १९९९ च्या आवृत्तीत एकमजली इमारतीसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ मीटर आणि तीनमजलीसाठी १७ मीटर इतका किमान दाब सांगितलेला आहे. यातल्या दोन पायऱ्यांमधले अंतर पाच मीटर असताना उंचीच्या आकड्यातच पाच मीटरची शंका असेल, तर पुढचे सारे गणित व्यर्थ ठरते. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या, उंची निश्चित असलेल्या पातळी-चिन्हांपासून सुरुवात करून डीजीपीएस (अचूक उपग्रह-स्थाननिश्चिती) आणि ऑटो लेव्हल या दुर्बिणीच्या पातळीयंत्राने प्रत्येक चौकाची पातळी घेतली. जलकुंभाची तळपातळी आणि पूर्ण भरल्यावरची पातळीही पुन्हा मोजली, कारण एका टाकीच्या बाबतीत आराखड्यातला आकडा आणि प्रत्यक्ष पातळी जुळत नव्हती.

नळजोडण्या नकाशावर बसवणे हे त्या मानाने कंटाळवाणे, पण सरळ काम होते. पाणीपट्टीच्या नोंदवहीतला प्रत्येक ग्राहक क्रमांक मालमत्ता क्रमांकाशी आणि तो मालमत्ता क्रमांक जवळच्या वाहिनीशी जोडायचा होता. वीज कंपन्यांत ग्राहक कोणत्या रोहित्रावर आणि ते रोहित्र कोणत्या फीडरवर, याची जोडणी करतात, त्याच जातीचे हे काम. याच टप्प्यात नोंदीत नसलेल्या जोडण्या उघड झाल्या आणि त्यावरून जे व्हायचे ते झाले. त्याचा वृत्तान्त इथे अप्रस्तुत आहे.

मॉडेलसाठी आम्ही ईपानेट वापरले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तयार केलेला आणि १९९३ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला हा प्रोग्राम मोफत आहे, आणि बाजारातल्या अनेक महागड्या सॉफ्टवेअरच्या पोटातही त्याचेच गणित असते. वाहिनीची लांबी, व्यास, खडबडीतपणाचा गुणांक, टाकीची पातळी, पंपाची क्षमता आणि प्रत्येक चौकातली मागणी दिली की तो प्रत्येक ठिकाणचा दाब व प्रवाह काढून देतो. अडचण अशी की हे गणित चोवीस तास भरलेल्या वाहिन्यांसाठी रचलेले आहे. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी ठरावीक तासच सोडले जाते. व्हॉल्व्ह उघडल्यावर आधी वाहिनीतली हवा बाहेर पडते, मग वाहिनी भरते, उताराच्या घरांना पहिल्या पंधरा मिनिटांत भरघोस पाणी मिळते आणि चढावरच्या घरांत नळ फुरफुरत राहतो. शिवाय लोकांची मागणी ठरलेल्या लिटरांची नसते. जितके येईल तितके ते भरून घेतात, कारण उद्या येईल याचा भरवसा नसतो. माणशी दररोज १३५ लिटर हा प्रमाणित आकडा घालून पहिल्यांदा मॉडेल चालवले तेव्हा शहराच्या निम्म्या चौकांत त्याने उणे दाब दाखवला. प्रत्यक्षात उणे दाबावर असा पुरवठा होत नाही, तिथे नळाला पाणीच येत नाही. मागणी ठरलेली असून ती काहीही झाले तरी पुरवलीच जाणार, असे धरून चालल्याचा तो परिणाम होता. २०२० मध्ये आलेल्या ईपानेटच्या २.२ आवृत्तीत दाबाप्रमाणे पुरवठा कमी-जास्त करणारी पद्धत समाविष्ट झाली. आम्ही ती वापरली आणि घरांच्या टाक्या एकत्र करून प्रत्येक चौकाला एक छोटी टाकी जोडली, तेव्हा मॉडेल आमच्या शहरासारखे वागू लागले.

तरीही काही वस्त्यांत ते जुळेना. उत्तर मापकांनीच दिले. वाहिन्यांवर बसवलेले दाबमापक दर पंधरा मिनिटांनी सिमकार्डमार्फत नोंद पाठवतात. एका वस्तीत पाण्याच्या वेळेत दाब तीन मीटरवर अडकलेला असे, पण एके दिवशी तो अचानक सातवर गेला, तासभर तिथेच राहिला आणि तितक्याच अचानक खाली आला. मी वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात विचारले, तर नेमक्या त्याच वेळी त्या भागाचा वीजपुरवठा खंडित झाला होता. वाहिनीला थेट लावलेल्या मोटारी वीज नसल्याने थांबल्या, आणि वस्तीच्या शेवटच्या घरांना त्या तासात पाणी मिळाले. पाण्याच्या वेळेत वीज बंद ठेवावी अशी मागणी अनेक गावांत नागरिक करतात. ती का करतात, याचा लेखी पुरावाच त्या आलेखात होता. पुढे आम्ही अशा वस्त्यांत मॉडेलमध्ये मोटारींचा ओढाही धरला.

मापकांविषयीही थोडे सांगायला हवे, कारण कागदावर सोप्या दिसणाऱ्या या वस्तू सांभाळणे सोपे नाही. विद्युतचुंबकीय प्रवाहमापकाच्या आधी पाइपच्या व्यासाच्या किमान पाचपट आणि नंतर दोन-तीनपट सरळ लांबी असावी लागते, पण जुन्या टाक्यांच्या तळाशी बेंड (वळणे) आणि टी (फाटे) इतक्या दाटीने असतात की तेवढी जागाच मिळत नाही. चेंबरमध्ये पावसाळ्यात पाणी साचते, बॅटरीवर गंज चढतो, आणि एका मापकाचे घड्याळ अर्धा तास मागे पडल्यामुळे पाणी टाकीतून बाहेर पडण्याआधीच चौकात पोहोचल्याचे पडद्यावर दिसत होते. क्लॅम्प लावून चालणारे एक फिरते अल्ट्रासोनिक मापक आम्ही मुद्दाम घेतले आणि कायमस्वरूपी मापकांची त्याच्याशी तपासणी करत राहिलो. जुळवणीच्या आधी हे केले नाही, तर माणूस मापकाच्या दोषाला वाहिनीचा दोष समजून मॉडेल बिघडवून ठेवतो.

आता ज्या प्रसंगामुळे विभागातील शंकेखोर मंडळीही या कामाकडे गांभीर्याने पाहू लागली, तो सांगतो. शहराच्या एका उपनगराला जाणारी बारा इंची डीआय वाहिनी दहा-बारा वर्षांपूर्वीची, आतून सिमेंटचे अस्तर असलेली. मॉडेलच्या मते तिच्या शेवटी १४ मीटर दाब हवा होता, प्रत्यक्षात तो ५ मीटरच मिळत होता. हा फरक केवळ खडबडीतपणाने भरून काढायचा, तर घर्षणाने घटणारा दाब काढणाऱ्या हेझन-विल्यम्स सूत्रातला गुणांक १४० वरून ५५ च्या आसपास आणावा लागत होता (वाहिनी जितकी खडबडीत, तितका हा गुणांक कमी). अस्तर असलेल्या वाहिनीचा गुणांक एवढ्या काळात असा घसरत नाही. सल्लागारांचा तरुण अभियंता गुणांक बदलून आकडे जुळवायला तयार होता, पण आम्ही त्याला तसे करू दिले नाही. मॉडेल आणि वाहिनी यांत जिथे मतभेद होतो, तिथेच जमिनीखाली काहीतरी शिकण्यासारखे असते. गुणांक बदलून तो मतभेद मिटवला, तर ते ट्विन आपल्याला आपलेच गृहीतक परत ऐकवत बसते.

मग आम्ही त्या रस्त्याने टाकीपासून उपनगरापर्यंत ठिकठिकाणच्या नळांना दाबमापक लावले आणि प्रत्येक ठिकाणची जमिनीची पातळी अधिक दाब अशी बेरीज आलेखावर मांडली. खडबडीतपणाने दाब घटत असेल, तर ही रेषा संपूर्ण लांबीभर हळूहळू उतरते. आमची रेषा जवळजवळ सपाट होती, आणि मारुतीच्या देवळापासून पिठाच्या गिरणीपर्यंतच्या टप्प्यात ती एकदम नऊ मीटरने खाली कोसळत होती. त्या टप्प्यात आमच्या नकाशावर काहीच नव्हते. नुकतेच निवृत्त झालेले एक व्हॉल्व्हमन, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांना मी बोलावून घेतले. त्यांनी गिरणीसमोर उभे राहून दोन्ही बाजूंची घरे न्याहाळली आणि म्हणाले, "साहेब, हितं एक चावी हाय. जोडाच्या कामाला दाबून ठेवली हुती, मग रस्त्याचं डांबर पडलं, त्यावर पुन्यांदा पडलं. झाकण खाली गेलं." शोधक यंत्राने त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर झाकण दाखवले. डांबराचे थर फोडून चेंबर साफ केले, तेव्हा स्लुइस व्हॉल्व्हचा दांडा दिसला. टी-पाना लावून दोघांनी जोर दिल्यावर तो करकरत फिरला. असा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला तीसहून अधिक फेरे लागतात, आणि हा जेमतेम पाच-सहा फेरे उघडा होता.

तिथल्या तिथे तो पूर्ण उघडावा, असा सगळ्यांचा आग्रह होता. रस्त्यावर जमलेल्या नागरिकांचा तर होताच. आम्ही मात्र आधी मॉडेलमध्ये तो उघडून पाहिला. त्यात दोन गोष्टी दिसल्या. उपनगराच्या खोलगट भागात दाब वीस मीटरच्या पुढे जात होता, आणि तिथल्या जोडण्या जुन्या जीआय, म्हणजे जस्तलेपित लोखंडी, पाइपच्या होत्या. दाब वाढला की गळतीही वाढते, आणि इतकी वर्षे कमी दाबावर तग धरलेले गंजके पाइप एका रात्रीत फुटू शकतात. दुसरे असे की त्याच टाकीवर असलेल्या, पण उंचावरच्या वसाहतीचा दाब घटणार होता, म्हणजे एका बाजूची तक्रार मिटून दुसरीकडची सुरू झाली असती. म्हणून व्हॉल्व्ह रोज दोन-तीन फेऱ्यांनी उघडायचा, गळती दुरुस्तीचे पथक त्या भागातच ठेवायचे आणि खोलगट भागाच्या तोंडाशी असलेला दुसरा व्हॉल्व्ह त्याच प्रमाणात आवळायचा, असा क्रम ठरवला. काही जोडण्या तरीही फुटल्या, पण त्या आम्ही आधीच धोक्याच्या मानलेल्या जोडण्यांपैकीच होत्या. अण्णांना पुढे मानधनावर सल्लागार म्हणून घ्यावे, असा प्रस्ताव मी ठेवला आणि तो मंजूर झाला. सेवेत असलेल्या इतर व्हॉल्व्हमनना सोबत घेऊन त्यांनी प्रत्येक विभागातल्या व्हॉल्व्हची जागा, फेऱ्यांची दिशा आणि सध्याची स्थिती आम्हाला लिहून दिली. डावीकडे फिरवल्यावर बंद होणारे व्हॉल्व्हही शहरात आहेत, हे त्या यादीतून कळले.

रोजच्या कामात या व्यवस्थेचा उपयोग आता तीन-चार प्रकारे होतो. वाहिनी फुटली की कोणते व्हॉल्व्ह बंद केल्यास सर्वांत कमी घरांचे पाणी तुटेल, हे काही मिनिटांत कळते आणि त्या घरांना संदेश जातो. पंपिंगचा वीजखर्च हा विभागाच्या खर्चातला फार मोठा भाग असतो, आणि वीजदर दिवसाच्या वेळेनुसार बदलतो. टाक्या कोणत्या तासांत भरल्या तर स्वस्त पडेल आणि तरीही सकाळच्या पाण्याला त्या रिकाम्या नसतील, याचे वेळापत्रक मॉडेलवर बसवता येते. दराचे तास बदलले की ते पुन्हा बसवावे लागते. टोकाच्या वस्त्यांत पाणी वाहिनीत किती वेळ थांबते याचाही हिशेब निघतो, आणि त्यावरून तिथे क्लोरीन किती उरेल याचा अंदाज येतो. चोवीस तास पुरवठा सुरू केलेल्या एका छोट्या विभागात तर मध्यरात्रीनंतरचा प्रवाह पाहून गळती ओळखता येते, कारण रात्री अडीच-तीन वाजता घरे पाणी वापरत नाहीत आणि तरीही जे वाहते ते बहुतांशी जमिनीत जाते. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवले, त्याचे कौतुक होते ते ग्राहकांच्या सोयीसाठी. माझ्यासारख्याला त्यातली मोठी गोष्ट ही वाटते की भरलेल्या वाहिन्यांचे मोजमाप करता येते.

परदेशातल्या वीज व पाणी कंपन्या या बाबतीत बऱ्याच पुढे आहेत. स्पेनमधील वॅलेन्सिया शहर व परिसरातील सुमारे १६ लाख लोकांना पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेने तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या साहाय्याने असे ट्विन उभारले असून ते सतत येणाऱ्या मापनांवर चालते. त्याविषयी वाचताना मला सर्वाधिक हेवा वाटला तो संगणकांचा नव्हे, तर सदैव भरलेल्या आणि दाबाखाली असलेल्या वाहिन्यांचा. तिथे रात्रीच्या प्रवाहात थोडी वाढ झाली तरी ती बातमी असते, आपल्याकडे त्याच वेळी बहुतेक वाहिन्या रिकाम्या असतात.

या सगळ्यात खरी कसोटी आहे ती देखभालीची. शहरात रोज कुठे ना कुठे खोदाई होते, तुकडा बदलला जातो, नवीन जोडणी दिली जाते. हे बदल नोंदले गेले नाहीत, तर वर्षभरात ट्विन आणि शहर यांची फारकत होते. सुरुवातीला आम्ही कनिष्ठ अभियंत्यांना मोबाइलवर भरायचा एक अर्ज दिला. तो कोणी भरला नाही, आणि सकाळपासून चिखलात उभ्या असलेल्या माणसाला दोष देण्यात अर्थही नव्हता. मग वेगळा मार्ग काढला. दुरुस्तीच्या कामाची मोजमाप पुस्तिकेत नोंद करताना पाइपचा व्यास, प्रकार, खोली, व्हॉल्व्हची स्थिती आणि खड्डा उघडा असतानाचे छायाचित्र नकाशावर चढवल्याचा क्रमांक लिहिणे बंधनकारक केले. तो क्रमांक नसेल, तर लेखा विभाग कंत्राटदाराचे देयक पुढे पाठवत नाही. त्या आदेशानंतर नोंदी वेळेत येऊ लागल्या, आणि त्यांसाठी आग्रह धरणारे आता स्वतः कंत्राटदारच असतात.

करारातली एक अट मी इतर शहरांतल्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. मॉडेलची मूळ फाइल खुल्या स्वरूपात, म्हणजे ईपानेटमध्ये थेट उघडेल अशा साध्या मजकुराच्या रूपात, दर तिमाहीला महानगरपालिकेकडे जमा झालीच पाहिजे. सल्लागाराच्या सर्व्हरवर ठेवलेले मॉडेल करार संपताच आपल्यासाठी नाहीसे होते, आणि पुढच्या निविदेत तेच सर्वेक्षण पुन्हा विकत घ्यावे लागते. ही अट घालताना बराच वाद झाला, परंतु ती राहिली.

सध्या पूर्वेकडच्या विभागाचे काम सुरू आहे. तिथे नव्याने झालेल्या वसाहतींना पंपाशिवाय, केवळ उताराने पाणी नेणाऱ्या मुख्य गुरुत्ववाहिनीवरूनच थेट जोडणी द्यावी, अशी तेथील नगरसेवकांची मागणी होती. पूर्वी अशा मागणीवर आम्ही 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' असा एक ओळीचा शेरा मारत असू, आणि तो कोणालाही पटत नसे. या वेळी जोडणी दिल्यास सकाळी सहा ते आठ या वेळेत पुढच्या टाकीत किती कमी पाणी चढेल आणि त्यामुळे कोणत्या गल्ल्यांचा दाब सात मीटरच्या खाली जाईल, याचा नकाशा आम्ही बैठकीत मांडला. त्या गल्ल्यांपैकी काही त्याच नगरसेवकांच्या प्रभागात होत्या. थेट जोडणीचा विषय मागे पडला आणि जवळच्या जलकुंभावरून दहा इंची स्वतंत्र वाहिनी टाकण्याचे ठरले. तिचे अंदाजपत्रक आता तांत्रिक मान्यतेसाठी गेले आहे, आणि त्यासोबत मॉडेलची फाइलही जोडली आहे.